साठ फटक्यांच्या आत

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ही डायरी रेल्वेची, २०२२ सालची. मी रिटायर झालो त्या वर्षी मिळाली आणि कोरीच राहिली. खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसानं डायरीत लिहावं तरी काय? आता लिहिण्यासारखं झालं आहे, म्हणून छापील तारखा खोडून माझ्या टाकून राहिलो.

आजपासून मी, प्रताप मोहरील, गोल्फ खेळतो.

हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. बरं वाटलं. आमच्या रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात आजवर कोणी गोल्फ खेळला असेल असं मला वाटत नाही. नवा रायपूरच्या बाजूला एक क्लब निघाला आहे, तिथं निवृत्त लोकांसाठी थोड्या जागा आहेत. आमची इरावती तिकडेच सरकारी ऑफिसात जाते. तिनं मला न विचारता फॉर्म भरला. म्हणे, "पापा, आप दो साल से घर में बैठके मम्मी का टाइम-टेबल चला रहे हो. अब बस." मराठी सगळं समजते पोट्टीला, पण उत्तर हिंदीतच.

सदस्यता तूर्त कच्ची आहे. २८ फेब्रुवारीच्या आत परीक्षेचा खेळ खेळायचा: नऊ होल, म्हणजे नऊ भोकं, साठ फटके. साठापर्यंत पास, एकसष्टला नापास, आणि नापास झाला की घरी. घरी म्हणजे बाल्कनीतली ती वेताची खुर्ची. खरं लिहितो, मला तिची भीती वाटते. दोन वर्षांत तिच्यात बसून मी साखर वाढवली आणि प्रेमलाशी रोज भांडलो, तेही भाजी किती वाजता चिरावी यावरून.

प्रेमला, आमची सौ., सोबत आली होती. तिचा उजवा खांदा वर्षभर आखडला आहे. डॉक्टरनं हात हलवत राहा सांगितलं. सदस्याच्या जोडीदाराला फुकट येता येते, तेव्हा म्हटलं चल, तिथं हलव.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आमचा गुरू हिरालाल. आरंगकडचा, पन्नाशीचा, किडकिडीत. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या काठ्यांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकला. त्यानं आज एकदा काठी फिरवून दाखवली आणि मी पाहतच राहिलो. काठी मागे जाते, खांदे वळतात, वर पोचल्यावर एक श्वासभर सगळं थांबते, मग कंबर आधी सुटते आणि हात मागून येतात. कुठे धक्का नाही, घाई नाही. शेवटी माणूस एका पायावर तोलून समोर पाहत उभा. याला स्विंग म्हणतात.

मग मी केला. चेंडू नव्हता, नुसता हवेत. हिरालाल म्हणाला, "बने हे साहेब! एकदम बने!" बने म्हणजे झकास.

एकतीस वर्षं मी कंट्रोल ऑफिसात काढली. कानाला फोन, समोर चार्ट, बंद खोली. माझ्यामुळे हजारो गाड्या वेळेवर गेल्या, पण मला काम करताना कोणी पाहिलं नाही. आज बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कोणी माझ्याकडे पाहून वाहवा केली. छातीत काहीतरी झालं. गॅस नव्हता.

रविवार, २४ नोव्हेंबर

स्विंग सुधारायला पूर्ण उंचीचा आरसा पाहिजे. सदर बाजारातून आणला. मी स्कूटर चालवली, प्रेमला मागे तोंड करून आरसा धरून बसली. मागचे सगळे दुचाकीवाले त्यात पाहून केस नीट करत येत होते. एकानं तर मिशीला पीळ दिला.

"अहो, हे लोक मलेच पाहून राहिले काय?" प्रेमलानं विचारलं.

"स्वतःले पाहून राहिले. तू आरसा धर नीट."

आरसा हॉलमध्ये लागला. पहिल्याच स्विंगला ट्यूबलाइट गेली. प्रेमलानं झाडू आणला, काचा भरल्या, आणि म्हणाली की तुम्ही दिसले मात्र छान. बायकोनं असं म्हणणं म्हणजे टोमणाच, दुसरं काय.

रविवार, ८ डिसेंबर

आता क्लबात माझं नाव झालं आहे. मी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलो की सगळं मैदान थांबते. शेजारच्या होलवरचे सरदारजी गाडी थांबवून मागच्या बाजूला उतरून उभे राहतात. माळी गवत कापायचं मशीन बंद करून झाडाआडून पाहतात. आज तर चहावाल्यानं शटर अर्धं खाली केलं, जेणेकरून लक्ष विचलित होऊ नये. मोठ्या खेळाडूंसाठीच लोक असं करत असतील.

चेंडू अजून पाहिजे तिकडे जात नाही. डावीकडे गेला तर उसाच्या शेतात, उजवीकडे गेला तर पार्किंगमध्ये. पण ते पुढचं काम. आधी डौल, मग दिशा.

प्रेमलाचं काय सांगावं. खांद्यामुळे तिचा हात वर जातच नाही, काठी कमरेपर्यंत उचलते आणि टप्पकन हाणते, बाज झटकावी तशी. हाणताना जीभ बाहेर, हाणल्यावर एक उडी. स्पोर्ट शूजवर साडी, डोक्यावर इरावतीची कॉलेजातली टोपी. मला पाहवत नाही. चेंडू सरळ जातो, नव्वदेक यार्ड, दरवेळी तेवढाच. पण त्याला स्विंग म्हणत नाहीत. मी तिला समजावलं की मनावर घेऊ नको, तू तर खांद्यासाठी येतेस.

"हव," ती म्हणाली आणि अजून एक हाणला.

सोमवार, ९ डिसेंबर

कंबर. काही लिहीत नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

इरावती सुट्टी म्हणून आली होती. तिनं मोबाइलवर माझा स्विंग हळू गतीत घेतला. घरी येऊन सात वेळा पाहिला. खांदे, कंबर, शेवटची ती एका पायावरची उभी छबी, सगळं असं की फ्रेम करून लावावं.

"पापा, सब बढ़िया है," ती म्हणाली, "पर इसमें बॉल कहाँ है?"

चेंडू जमिनीवरच होता. मी त्याच्या वरून काठी नेली होती. म्हटलं, हळू गतीत तसं वाटते.

आज पहिल्यांदा पूर्ण नऊ होल मोजून खेळलो. त्र्याऐंशी. सुरुवातीला इतके होतातच. प्रेमलाचे कोणी मोजत नाही, सोबत आलेल्या माणसाचे काय मोजायचे, पण हिरालालनं उगाच मोजले आणि सहासष्ट सांगितले. माणूस भला आहे, हिशेब कच्चा असेल.

रविवार, १२ जानेवारी २०२५

आज हिरालालशी वाद झाला. तो म्हणतो मॅडमसारखा अर्धाच स्विंग करा, पास होऊन जाल. मी म्हटलं, बाबा रे, नुसतं पोचणं म्हणजे प्रवास नव्हे. चांगली गाडी कशी असते? सुटताना कपातला चहा हलत नाही, थांबताना डुलकी मोडत नाही. स्विंग तसा पाहिजे.

हिरालाल म्हणाला, "गाड़ी तो बढ़िया चलिस साहेब, फेर टेसन ला छोड़ दिस."

म्हणजे गाडी झकास चालली, पण स्टेशनच सोडून गेली. पुढे म्हणतो, "गेंद के आँखी नइ होवय. आप कइसे दिखत हव, ओला का पता?"

चेंडूला डोळे नसतात, मान्य. पण बाकीच्यांना असतात ना! नुसतं चेंडू भोकात घालायचं असेल तर हातानं उचलून नेऊन टाका. मग एवढं मैदान काहून केलं? काठी काहून एवढी लांब केली? तो पाणी प्यायला आणि प्रेमलाचा पाय किती अंशात ठेवायचा ते पाहायला गेला. तिला हल्ली जास्तच वेळ देते तो.

जाता जाता त्यानं परीक्षेच्या यादीत तिचंही नाव टाकलं. परीक्षेत दोघादोघांची जोडी लागते, एकानं दुसऱ्याचे फटके मोजून कार्डावर लिहायचे आणि सही करायची. बाहेरचा माणूस कशाला, घरचीच बरी. मी होकार दिला.

रविवार, २ फेब्रुवारी

आज लाज सोडून प्रेमलासारखं खेळून पाहिलं. अर्धा हात, टप्पकन. उडी मारली नाही, तेवढी अब्रू राखली. चौसष्ट आले. चेंडू सगळे समोर, एकही उसात नाही. माळ्यानं मशीन चालूच ठेवलं, सरदारजींनी गाडी थांबवली नाही. कोणीसुद्धा पाहिलं नाही. जेवण झालं पण चव आली नाही, तसं वाटलं.

परत येताना प्रेमला पंडरीच्या सिग्नलला म्हणाली, "तुम्ही असं नका मारू जी."

"काहून? सरळ गेले ना?"

"गेले. पण तुम्ही असे नाही."

बायकांना नेमकं काय पाहिजे असते, कळत नाही. चौसष्टवर येऊनही बोलणी.

रविवार, १६ फेब्रुवारी

अर्धं तिचं, अर्धं माझं असं मिसळून त्रेसष्ट. मग बासष्ट. आज एकसष्ट. पुढच्या रविवारी परीक्षा. बाल्कनीतली खुर्ची पुसायला घेतली होती, तशीच सोडली.

प्रेमलानं आज वरच्या फळीवरून पोह्यांचा डबा काढला. मी स्टूल आणायला उठलो तर डबा ओट्यावर. बहुतेक फळीच खाली बसली आहे, सुताराला बोलवावं लागेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

परीक्षा झाली. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी सात दहाला सुरुवात. हिरालाल दोघांवर देखरेखीला. आठ होल कसे गेले ते आठवून अंगावर काटा येते. एकदा चेंडू झाडाला लागून परत माझ्याकडेच आला. एकदा पार्किंगच्या तारेला लागून आत पडला, देवाची कृपा. आठ होलनंतर माझे चोपन्न. म्हणजे शेवटच्या होलला सहा पाहिजेत. सहात बसलं की पास.

प्रेमलाचे बावन्न. ती कशाला घाबरेल, तिला कुठं काय पाहिजे होतं.

नवव्या टीवर मी ठरवलं, आता अर्धा हात नाही. शेवटचा होल आहे, मोहरीलसारखाच मारायचा. हिरालाल पुढे झेंड्यापाशी गेला होता. जवळ फक्त प्रेमला, हातात माझं कार्ड आणि पेन्सिल. मी उभा राहिलो, काठी मागे नेली, वर एक श्वास थांबलो, आणि सोडली. काय सुंदर गेली! कुठे अडखळली नाही, आवाज नाही, एका पायावर तोलून समोर पाहत उभा.

चेंडू टीवरच होता.

मी खाली पाहिलं, मग प्रेमलाकडे. म्हटलं, "प्रॅक्टिस होती." तिनं पेन्सिल टोपीत खोचली.

मग दुसरा मारला, आणि तो फटका मी मरेपर्यंत विसरणार नाही. हाताला काही लागलंच नाही, लोण्यातून सुरी जावी तसं. चेंडू उंच गेला, आभाळात बारीक झाला, आणि अगदी मधोमध पडला. दोनशे यार्ड तरी असेल. डौल आणि काम, दोन्ही एकाच फटक्यात! हे होऊ शकते! हिरालाल तिकडून हात वर करून नाचला. प्रेमलाचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी तिला तसं लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

पुढे वाळूत एक, वाळूतून एक, असं करत सहाव्याला चेंडू भोकात.

चोपन्न आणि सहा साठ. पास!

प्रेमलाचे अठ्ठावन्न. छान केलं तिनंही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काठी हवेत फिरवली आणि चेंडूला लागली नाही, तर तो फटका धरतात का? हेतू असेल तर धरतात. नुसता सराव करत असाल तर नाही. नियम साफ आहे. माझा हेतू सरावाचा होता. टीच्या जागी उभं राहून सराव करू नये असं कुठं लिहिलं आहे?

कार्ड क्लबात द्यायचं राहिलं, घरीच आलं. २८ पर्यंत चालते. फ्रिजवर चुंबकाखाली आहे. आठ होलचे आकडे प्रेमलाच्या गोल अक्षरात. नवव्याचा चौकोन रिकामा. विसरली असेल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

विसरली नव्हती.

पोळ्या लाटून राहिली होती तेव्हा विचारलं, "अगं, नवव्याचा आकडा टाक ना, सही कर, देऊन येतो."

"तुम्हीच टाका."

"तुझं काम आहे ते. तू मोजून राहिली होती."

"मी कुठं मोजून राहिली होती?" ती म्हणाली. लाटणं थांबलं नाही. "तेव्हा मी तुमच्याकडे पाहून राहिली होती. चेंडूकडे नाही. तुम्ही जे टाकाल त्यावर सही करते."

मी म्हटलं, "पाहून राहिली होती म्हणजे?"

"म्हणजे काय? एकतीस वर्षं तुम्ही डबा घेऊन जा, डबा घेऊन या. आत काय करता, कधी दिसलं मले? आता दिसते. छान दिसता. म्हणून त येते मी सकाळी उठून. खांद्याचं काय, खांदा त घरीही हलते."

पोळी फुगली. मी बाल्कनीत गेलो, खुर्चीत बसलो नाही, उभाच राहिलो. डोळ्यात पाणी आलं ते लिहून ठेवतो, नाही तर उद्या मीच नाकारीन.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दोन दिवस पेन्सिल खिशात घेऊन फिरलो. बाजारात गेलो, भाजी न घेता आलो.

कंट्रोल ऑफिसात आम्ही चार्टवर गाडीची रेघ ओढायचो. चार मिनिटं उशीर तर चारच. साहेब मागे उभा राहून म्हणायचा, मोहरील, तीन कर, वरून विचारतात. मी कधी केलं नाही. याचा मोठेपणा नाही, केलं असतं तर रात्री झोप आली नसती, एवढंच.

आता दोन रात्री झाल्या.

प्रॅक्टिस नव्हती ती. मी चेंडूलाच मारत होतो. जीव ओतून मारत होतो.

चौकोनात सात लिहिले. चोपन्न आणि सात, एकसष्ट. प्रेमलानं वाचलं, पीठ लागलेल्या हातानं सही केली. "जेवून घ्या," म्हणाली. ताटात दोन पुरणपोळ्या होत्या. आज सण कोणता, हे विचारायची हिंमत झाली नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कार्डं द्यायला दोघं गेलो. मी मनात भाषण तयार केलं होतं: क्लबानं दिलेल्या प्रेमाबद्दल आभार, वगैरे. काउंटरवर अनिमेष नावाचा क्लार्क. माझं कार्ड पाहिलं, एकसष्टखाली लाल रेघ मारली, "सॉरी सर." मी भाषण सुरू केलं. सरदारजींचा उल्लेख येईपर्यंत त्यानं प्रेमलाचं कार्ड उचललं.

"मैडम का अट्ठावन है. मैडम पास हैं. मैडम, मेंबरशिप आपके नाम से पक्की कर दूँ?"

मी भाषण थांबवलं. म्हटलं, "ही तर माझ्या सदस्यतेवर येते."

"आपकी तो खत्म हो गई सर. इनकी शुरू हो गई."

रविवारी नऊच्या नऊ होल मी तिचं कार्ड हातात धरून तिचे फटके लिहिले. अठ्ठावन्नची बेरीजही मीच केली, खाली सही माझी. आणि त्या बेरजेचा अर्थ एकदाही डोक्यात आला नाही. गाडी समोरून गेली, मी फलाटावर उभा राहून तिचीच वाट पाहून राहिलो.

प्रेमला माझ्याकडे पाहत नव्हती. फॉर्म वाचत होती, चष्मा नाकावर, एकेका ओळीवर बोट. मला वाटलं आता म्हणेल, नको जी, यांचं नाही तर माझंही नको. मी तिला तसं म्हणू देणार होतो, हेही लिहून ठेवतो.

ती अनिमेषला म्हणाली, "भैया, इसमें जोड़ीदार का नाम कहाँ लिखना है?"

त्यानं जागा दाखवली. तिनं लिहिलं: प्रताप मोहरील. नातं: पती. मग मला पेन दिलं, "इथं सही करा, खाली. वर माझी आहे."

मी केली. सही थोडी वाकडी आली.

रविवार, २ मार्च

सकाळी सात दहा. फाटकावर वहीत पहारेकऱ्यानं लिहिलं, श्रीमती मोहरील आणि सोबत एक. सोबत एक म्हणजे मी.

पहिल्या टीवर मी सवयीनं पुढे झालो. हिरालालनं हात आडवा केला, "पहिली मेंबर मन, साहेब." म्हणजे आधी मेंबर लोक.

प्रेमलानं टोपी नीट केली, जीभ बाहेर काढली, काठी उचलली. आज खांद्याच्याही वर गेली काठी, मी नीट पाहिलं. हाणला, उडी मारली. चेंडू सरळ, नव्वद नाही, सव्वाशे तरी. माळी मशीन चालवतच होता.

मग ती बाजूला झाली, पदर खोचला, हाताची घडी घातली.

"मारा आता," म्हणाली. "सावकाश मारा. घाई नाही."

माळ्यानं मशीन बंद केलं. सरदारजी गाडीच्या मागे गेले. मी काठी मागे नेली आणि वर पोचल्यावर एक श्वास जास्तच थांबलो.

चेंडू कुठं गेला ते हिरालाल शोधून राहिला आहे.